चिन्हांची दुरुस्ती

संगणकावर मजकूर लिहिताना शब्दांखेरीज यंत्रासाठीही काही चिन्हे लिहावी लागतात, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोश २००३ साली सुरू झाला. त्यात शब्द ठळक करावयाचा तर त्याच्या दोन्ही अंगांस तीन तीन एकेरी अवतरणचिन्हे द्यावयाची; यंत्र ती चिन्हे पोटात घालते व वाचकास केवळ परिणाम दाखविते.

मराठीची खरी अडचण दुव्यात आहे. पानाचे नाव 'हैदराबाद', वाक्यात मात्र 'हैदराबादेत'. म्हणून [[हैदराबाद|हैदराबादेत]] असे लिहावे लागते. मधल्या उभ्या रेघेऐवजी संस्कृत श्लोकातला दंड पडला, तर डोळ्यांना फरक कळत नाही. यंत्र मात्र त्या सबंध जोडनावाचे, अस्तित्वातच नसलेले पान शोधू लागते आणि दुवा तांबडा होतो.

आम्ही शिक्षक मुलांना परिच्छेदारंभी जागा सोडावयास शिकवितो. येथे तशी जागा सुटली की ती ओळ टंकलेखनी ठशात, निराळ्या चौकटीत जाऊन बसते! तळटिपेच्या खुणेला 'रेफ' म्हणतात (अक्षरावरचा रफार नव्हे). ती मिटावयाची राहिली, तर पुढची टीप संपेपर्यंतचा मजकूर लेखातून नाहीसा होतो. पूर्वी अशा कित्येक उघड्या खुणा यंत्र मुकाट्याने मिटवीत असे. २०१८ साली ती व्यवस्था बदलली, आणि बारीक अक्षराची एक खूण उघडी राहिली तर पुढचे पान बारीक दिसू लागले. आता अशा चुकांची यादी यंत्रच करते. दुरुस्ती माणसालाच करावी लागते. एका वेळी एकच चूक सुधारून, जतन करण्यापूर्वी झलक पाहावी. एक कंस मिटविला की खालच्या चारदोन चुका बहुधा आपोआप जातात.

सर्वांत घातक चूक आम्हांला साहाय्य-पानांतील वाटते. चिन्हे कशी लिहावीत हे तेथे शिकवावयाचे असते. उदाहरणाभोवती 'नोविकी' ही खूण घालावयाची राहिली, तर यंत्र उदाहरणही अमलात आणते. 'असे लिहा' म्हणून पुढे नुसता ठळक शब्द, अवतरणचिन्हे गायब! महाराष्ट्रात कोणी शेजाऱ्याला विचारील. सुलतान बाजारात बसून मराठी लिहू पाहणाऱ्या मुलाला पुष्कळदा ते पानच गुरुजी असते, आणि चूक आपलीच असे समजून ते पोर लिहिणे सोडते. म्हणून दुरुस्तीस बसणाऱ्यांनी आरंभ या पानांपासून करावा.