परसातला पूल: आधी पावसाळा, मग फोटो

कर्जत, अलिबाग, कामशेत, नाहीतर नाशिकहून त्र्यंबककडे जाणारा रस्ता. शहरातलं कुटुंब तिथे थोडी जागा घेतं, घर बांधतं आणि परसातल्या मोकळ्या जागेसाठी मिस्त्रीसमोर मोबाइल धरतं: "हे असंच करून द्या." फोटोत निळं पाणी असतं, कडेने लाकडी डेक, त्यावर दोन आरामखुर्च्या. तो फोटो बहुधा कॅलिफोर्नियाचा किंवा स्पेनचा असतो. तिथे वर्षभरात पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिन्यांत कोसळतो. परसातल्या पोहण्याच्या पुलाबद्दलचे बरेच गैरसमज हा फरक विसरल्यामुळे होतात.

हिशेबासाठी एक मध्यम पूल धरू. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी खोली १.३ मीटर. त्यात सुमारे ४१,६०० लिटर पाणी मावतं, म्हणजे १०,००० लिटरचे चार टँकर आणि वर थोडं.

"एवढं पाणी दर आठवड्याला बदलायचं म्हणजे पापच," असं अनेकांना वाटतं. पण ते बदलायचं नसतंच. पंप साधारण ६ ते ८ तासांत सगळं पाणी वाळूच्या फिल्टरमधून एकदा फिरवून आणतो आणि तेच पाणी अनेक महिने चालतं. पाणी जातं ते मुख्यतः उन्हाने. या पुलाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर आहे, म्हणून पातळी १ मिलिमीटर उतरली की ३२ लिटर गेले. देशावर मे महिन्यात रोज ८ मिलिमीटर वाफ होऊन गेली, तर महिन्याला साडेसात हजार लिटरहून जास्त भर घालावी लागेल. वापर नसताना पाण्यावर आच्छादन घातलं तर यातलं बरंचसं वाचतं. टँकरवर जगणाऱ्या गावात घर असेल, तर आच्छादनाची किंमत पुलाच्या किमतीतच धरायला हवी.

आता पावसाचा हिशेब. कोकणात हंगामात २,५०० मिलिमीटर पाऊस सहज होतो. तेवढा या पुलावर पडला तर ८०,००० लिटर होतात, म्हणजे पुलाच्या जवळपास दुप्पट. हे पाणी कुठून बाहेर पडणार, शेजाऱ्याच्या बांधावर जाणार की ओढ्याला, हे खड्डा खणण्याआधी ठरलेलं असावं. ओसंडणाऱ्या पाण्याचा पाइप, डेकचा पुलापासून बाहेरच्या बाजूला उतार आणि भोवतीने निचऱ्याची पन्हळ या तीन गोष्टी फोटोत दिसत नाहीत, म्हणून त्या राहून जातात.

"पावसाळ्यात कोण पोहतंय? रिकामा करून ठेवू." हा सगळ्यात महाग पडणारा समज आहे. जुलै-ऑगस्टमध्ये विहिरीचं पाणी हाताला लागेल इतकं वर येतं, हे गावात सर्वांना ठाऊक असतं. तेच पाणी पुलाच्या भोवती आणि खालीही असतं, आणि ते पुलाला वर ढकलत असतं. भूजल तळापासून १ मीटर वर आलं, तर या पुलावर सुमारे ३२ टन जोर खालून येतो. भिंती आणि तळ २० सेंटिमीटर जाडीचे धरले, तर काँक्रीटचं वजन भरतं ३० टनांच्या आसपास. पूल भरलेला असेल तर आतलं पाणी त्याला दाबून धरतं. तो रिकामा केला की काँक्रीटला तडा जातो, आणि फायबरची तयार टाकी असेल तर ती होडीसारखी वर येते. म्हणून पावसाळ्यात पूल भरलेलाच ठेवायचा. तळात दाब सोडणारी झडप बसवून घ्यायची. जागा घेतल्यावर शेजारच्या शेतकऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: ऑगस्टमध्ये तुमच्या विहिरीला पाणी किती हातांवर असतं? काळ्या मातीची जमीन असेल तर आणखी जपा. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि दोन्ही वेळा पुलाला हलवते. अशा ठिकाणी ती माती काढून मुरूम भरावाच लागतो.

भरलेला ठेवायचा म्हणजे बंद ठेवायचा, असंही नाही. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. घरी कोणी नसलं तरी राखणदाराने रोज पंप चालवायला हवा.

"क्लोरीनचा वास येतोय, म्हणजे पाणी शुद्ध आहे." खरं उलटं आहे. नाकात जाणारा तो वास क्लोरीनचा घाम आणि लघवीशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो. डोळे चुरचुरतात तेही बहुतांशी त्यानेच. नीट राखलेल्या पाण्याला वास जेमतेम येतो. मोकळं क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा, आणि दोन्ही चाचणीच्या किटने मोजावीत, डोळ्यांनी नाही. काचेसारखं नितळ पाणीही जंतूंनी भरलेलं असू शकतं. कडक उन्हात साधं क्लोरीन लवकर उडून जातं, म्हणून ते संध्याकाळी घालतात. मिठाच्या पाण्याचा पूल क्लोरीनमुक्त असतो, हाही असाच समज. त्यातलं यंत्र विजेच्या साहाय्याने मिठापासून क्लोरीनच तयार करतं. त्या पाण्यात मीठ लिटरला ३-४ ग्रॅम असतं, समुद्रात ३५ ग्रॅम. मात्र ते पाणी केळी-नारळीला सोडू नका.

आता डेक. माझ्या मते या सगळ्यात जास्त विचार करण्यासारखी गोष्ट हीच आहे, कारण पाण्यात माणूस तासभर असतो आणि काठावर दिवसभर. "लाकूड आपल्या पावसात टिकत नाही, म्हणून लाकडासारखं दिसणारं प्लॅस्टिक-मिश्रण लावू," असं सर्रास सांगितलं जातं. लाकूड पावसाने तितकं कुजत नाही जितकं कोंडलेल्या ओलीने कुजतं. चांगला साग फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटर फट, खाली वारा खेळेल एवढी उंची आणि दरवर्षी तेलाचा हात यांवर वर्षानुवर्षं राहतो. मातीला टेकवलात तर वाळवी लागू शकते. मिश्रणाच्या फळ्यांना वाळवीचा त्रास कमी, पण गडद रंगाच्या फळीवर एप्रिलच्या दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही. गुळगुळीत ग्रॅनाइट आणि चकचकीत टाइल तर ओल्या पायांसाठी धोकाच. पॉलिश न केलेली शहाबादी फरशी किंवा खडबडीत जांभा आपल्या हवेला जुना सरावलेला आहे. त्यावर शेवाळ धरतं, ते पावसाळ्यात दोन-तीनदा घासून काढावं लागतं, एवढंच. आपल्या घरांना ओटा होता, वर छप्पर आणि समोर पागोळ्या होत्या. डेकच्या निम्म्या भागावर तसं छप्पर घाला. जूनमध्ये बसायची जागा तीच.

आंब्याखाली पूल छान दिसतो, पण मोहर, पानं आणि पिकलेली फळं रोज पाण्यात पडतात. वड, पिंपळ, उंबर यांची मुळं तर भिंतीतही शिरतात. झाडाची सावली डेकला द्या, पुलाला ऊन. समुद्राकाठी जागा असेल, तर भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) नियम लागू असतात. ते पाहिल्याशिवाय कुदळ मारू नका.

"खोल पूल म्हणजे खरा पूल" हा हट्ट सोडलेला बरा. घरच्यांसाठी १.२ ते १.४ मीटर खोली पुरते, आणि तेवढ्या पाण्यात सूर कधीही मारायचा नाही, मान मोडते. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे हवेत आणि पंपाच्या लाइनवर, वीज गळताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

शेवटचा समज सर्वांत जिवावरचा: "मूल पडलं तर ओरडेल, आम्ही इथेच तर आहोत." बुडणारं मूल ओरडत नाही, हातही हलवत नाही. श्वास घेण्याच्या धडपडीत त्याला आवाज फुटत नाही आणि दोन-तीन मिनिटं पुरतात. फ्रान्सने २००३ साली कायदा करून घरगुती पुलांना कुंपण, आच्छादन, गजर यांपैकी एखादी सोय सक्तीची केली. अमेरिकेने २००७ मध्ये तळाच्या जाळीत शोषून मूल अडकू नये यासाठी कायदा केला. आपण कायद्याची वाट पाहायची गरज नाही. घराच्या बाजूसह चारही बाजूंनी किमान ४ फुटी कुंपण, आपोआप बंद होणारं फाटक आणि तळाला एकाऐवजी दोन निचरा-जाळ्या. डेकचं लाकूड नंतर बदलता येईल, आरामखुर्च्या पुढच्या वर्षी येतील. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात कुंपण पहिल्या ओळीत लिहून घ्या आणि ते उभं राहीपर्यंत पुलात पाणी सोडू देऊ नका.