विश्लेषण : समुद्राविना सर्फिंग! बोटीमागचे ‘वेकसर्फिंग’ कसे जमते? धोका नेमका कुठे?

ना समुद्र, ना भरतीची लाट, तरीही सर्फिंग! अमेरिकेतल्या तळ्यांवर उन्हाळ्यात हे दृश्य हमखास दिसते. बोटीच्या मागे काही फुटांवर बोर्डवर उभा असलेला माणूस, हातात दोरी नाही आणि तरी तो बोटीच्याच वेगाने पुढे जातोय. हे वेकसर्फिंग. शिकायला ते वाटते तितके अवघड नाही. पण बोट चुकीची निवडली तर जिवावर बेतू शकते.

लाट येते कुठून?

बोट ताशी साधारण १६ ते १९ किमी वेगाने चालवतात. या वेगाला ती पाण्याच्या वर उचलली जात नाही; तिचा मागचा भाग दबलेला राहतो आणि भरपूर पाणी बाजूला सारतो. शिवाय बोटीतल्या टाक्यांत पाणी भरून वजन शेकडो किलोंनी वाढवतात. वजन जास्त, तितके बाजूला सारलेले पाणी जास्त. शाळेतला आर्किमिडीज इथे कामी येतो! ही लाट बोटीबरोबर पुढे जाते आणि सर्फर तिच्या उतारावरून घसरत राहतो. घसरगुंडीच पुढे सरकतेय असे समजा.

पहिल्यांदा उभे कसे राहायचे?

लाइफ जॅकेट घालून पाण्यात उताणे पडायचे. गुडघे छातीकडे, टाचा आडव्या तरंगणाऱ्या बोर्डवर, दोन्ही हातांत दोरीची मूठ. बोट हळूच पुढे निघाली की पाण्याच्या दाबाने बोर्ड तळव्यांना चिकटतो. टाचांनी किंचित दाबले की तो उभा होतो.

बहुतेक नवखे इथेच पडतात. दोरी छातीकडे ओढून घाईने उभे राहायला जातात. हात सरळ, गुडघे वाकलेले ठेवायचे आणि उचलायचे काम बोटीला करू द्यायचे. उभे राहिल्यावर पुढच्या पायावर भार म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, मागच्या पायावर म्हणजे ब्रेक. दोरी आपोआप सैल पडू लागली की लाट तुम्हाला ढकलतेय. मगच दोरी सोडायची. ती हाताला गुंडाळायची मात्र कधीच नाही.

डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांना बोटीच्या डाव्या बाजूची लाट सोपी, कारण तोंड लाटेकडे राहते.

कोणती बोट चालणार नाही?

मागे आउटबोर्ड इंजिन लटकलेली बोट अजिबात नाही. मालवण-गोव्यात पर्यटकांना फिरवणाऱ्या अनेक स्पीडबोटी याच प्रकारच्या असतात. सर्फर बोटीच्या इतका जवळ असतो की पडला तर थेट फिरत्या पंख्यावर जाऊ शकतो. वेकसर्फिंगच्या इनबोर्ड बोटीत पंखा तळाखाली, बराच आत असतो.

दुसरा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नसतो : कार्बन मोनॉक्साइड. कमी वेगात इंजिनाचा धूर बोटीच्या मागेच रेंगाळतो. त्यामुळे इंजिन चालू असताना मागच्या फळीवर बसणे किंवा तिला धरून लटकणे घातक.

तळ्यांवर वाद का?

मोठ्या लाटांनी काठ ढासळतो, उथळ तळाचा गाळ ढवळला जातो. मिनेसोटा विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासाने या बोटी काठापासून ५०० फुटांहून दूर ठेवण्याची शिफारस केली. व्हरमाँट राज्याने २०२४ मध्ये तसा नियमच केला : काठापासून किमान ५०० फूट अंतर, किमान २० फूट खोली आणि असे सलग किमान ५० एकर पाणी. अनेक लहान तळी यात बसतच नाहीत, त्यामुळे तिथे हा खेळ बंद झाला.