'लागेल कधीतरी' आणि कॅशचा नियम

आजचा भाग पसाऱ्यावर. 'वापरत नाहीस ना, मग टाकून दे' हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकलाय. त्यावर आईचं 'असू दे, लागेल कधीतरी' हेही ऐकलंय. माझ्या मते दोघंही अर्धे बरोबर आहेत. कसं, ते कॉम्प्युटरच्या अंगाने सांगतो.

प्रोसेसरजवळ एक छोटी, वेगवान मेमरी असते. तिला कॅश म्हणतात (पैशांशी संबंध नाही, स्पेलिंग वेगळं आहे). ती भरली की नव्यासाठी जुनं काहीतरी बाहेर काढावं लागतं. पण काय? लास्लो बेलाडी यांनी १९६६ च्या पेपरात आदर्श उत्तर मांडलं: जे पुढे सर्वात उशिरा लागणार आहे, ते काढा. आता पुढचं कोणाला दिसतंय! म्हणून व्यवहारात मागे बघतात. ज्याला सर्वात जास्त दिवस हात लागलेला नाही, ते बाहेर. या नियमाला एलआरयू म्हणतात.

जपानी अर्थतज्ज्ञ युकिओ नोगुची यांनी १९९३ च्या पुस्तकात कागदपत्रांसाठी जवळपास हेच सांगितलं. विषयवार फायली करूच नका. प्रत्येक कामाचे कागद एका मोठ्या पाकिटात घाला, कडेवर नाव लिहा, पाकिटं शेल्फवर उभी लावा. जे वापराल ते परत ठेवताना डाव्या टोकाला. काही महिन्यांत न लागणारी पाकिटं आपोआप उजवीकडे सरकतात. टाकायचं काय ते तिकडे शोधायचं.

हे आळशीपणाचं वाटतं, पण यामागे गणित आहे. स्लीटर आणि टार्जन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केलं की वापरलेली वस्तू दरवेळी पुढे ठेवली, तर शोधण्याचे एकूण कष्ट, पुढचं सगळं आधीच माहीत असलेल्या माणसाच्या कष्टांच्या फार तर दुप्पट होतात. अर्थात हे त्यांच्या मॉडेलमध्ये, तुमच्या माळ्यावर नव्हे. तरी ऑफिसच्या डेस्कवरचा ढीग बघा. वरचे कागद कालचे, तळाचे दिवाळीआधीचे. तो ढीग आधीच लावलेला आहे! रविवार घालवून त्याचे रंगीत फोल्डर करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

पण एलआरयू घरात एका ठिकाणी साफ आपटतो. पुरणयंत्र होळीनंतर वर्षभर पडून असतं, आणि घराचं खरेदीखत तर दहा वर्षं कोणी उघडत नाही. नियमाप्रमाणे दोन्ही बाहेर. पुरणयंत्र शेजारच्या काकूंकडे मिळेल. खरेदीखत मिळेल का? म्हणजे 'शेवटचं कधी वापरलं' एवढंच विचारून भागत नाही, 'वेळेला नसेल तर काय किंमत पडेल' हेही विचारायला हवं. कॉम्प्युटरमध्येही काही डेटा 'पिन' करतात, म्हणजे तो कितीही पडून राहिला तरी हलवायचा नाही. आईचं 'लागेल कधीतरी' इथे शंभर टक्के खरं, फक्त ते रिकाम्या श्रीखंडाच्या डब्यांना लावायचं नाही.

आमच्याकडे पिन केलेली एकच लाल फाईल आहे, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात. गेल्या वर्षी बाबांना रात्री छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा जुना ईसीजी मागितला, कारण नव्यात दिसणारा बदल आजचा की आधीपासूनचा, हे त्यावरून कळतं. आईने निघतानाच फाईल पिशवीत टाकली होती. बदल जुनाच निघाला.

तुमची अशी फाईल करताना जागा आधी ठरवा: एक फाईल, एक कप्पा. भरला की काहीतरी काढल्याशिवाय नवं आत नाही. आणि ती कुठे आहे हे घरात किमान दोघांना माहीत हवं.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. बरेच ईसीजी आणि दुकानाच्या पावत्या थर्मल कागदावर असतात. त्यांची छपाई उष्णतेने आणि काळाने फिकी पडते, त्यामुळे कोरा कागद जपून ठेवल्यासारखं होतं. मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढा आणि फाईलमध्ये ती लावा.