पहिल्या रविवारची रॉकेटं

अमेरिकेच्या मेरीलंड राज्यात, वॉशिंग्टनपासून थोड्याच अंतरावर ग्रीनबेल्ट नावाचं गाव आहे. नासाचं गोडार्ड अवकाश उड्डाण केंद्र इथलं. हबल दुर्बिणीचा कारभार इथून चालतो आणि जेम्स वेब दुर्बिणीचे सोन्याचा मुलामा दिलेले अठरा आरसे इथल्याच स्वच्छ दालनात एकमेकांशेजारी बसवले गेले. याच केंद्राच्या प्रेक्षक कक्षालगत कित्येक वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी निराळीच रॉकेटं उडत आली. पुठ्ठ्याची नळी, बाल्सा लाकडाचे पंख, प्लॅस्टिकचं टोक आणि पोटात घडी घालून ठेवलेलं पॅराशूट, एवढाच ऐवज. उडवणारे कुणीही. शाळकरी पोरं, त्यांचे आईबाप, निवृत्त अभियंते. पाहायला पैसे पडत नाहीत. हा सगळा खटाटोप सांभाळतो तो ‘नारहॅम्स’ हा हौशी क्लब. देशातल्या सर्वांत जुन्या मॉडेल रॉकेट क्लबांत तो मोडतो.

पहिल्यांदा येणारा माणूस आकाशाकडे बघत येतो. पण या रविवारची खरी गंमत टेबलापाशी असते. तिथे रेंज सेफ्टी ऑफिसर बसलेला असतो आणि त्याच्यासमोर रांग. प्रत्येकाच्या हातात रॉकेट आणि एक कार्ड. त्यावर उडवणाऱ्याचं नाव, रॉकेटचं नाव, मोटर कुठली आणि हे पहिलंच उड्डाण आहे का, याची नोंद. ऑफिसर पंख हलवून बघतो. टोकाकडचा भाग ओढून बघतो, कारण तो फार घट्ट बसला असेल तर पॅराशूट बाहेर येणार नाही आणि फार सैल असेल तर वाटेतच गळून पडेल. मोटर नळीत पक्की आहे का, पॅराशूटखाली आग न धरणारा कागद कोंबलाय का, हेही बघितलं जातं. शंका आली तर रॉकेट परत. रांगेत नासाचा अभियंता असला तरी त्याचंही कार्ड तसंच भरलं जातं. मला या छंदातली ही गोष्ट सर्वांत जास्त आवडते. उडवण्याच्या हौसेला इतकं कागदपत्री कवच क्वचितच कुणी घातलं असेल, आणि त्या कवचामुळेच ही हौस टिकली.

हे कवच आलं कुठून, याची कथा बुटांच्या दुकानात सुरू होते. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफॉक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे गृहस्थ बूट विकत. त्यांना नाद शोभेच्या दारूचा. भाऊ रॉबर्टला नाद मॉडेल विमानांचा. भावाला उड्डाणशास्त्रावरच्या व्याख्यानात दाखवायला काहीतरी हवं होतं, म्हणून ऑर्व्हिल यांनी १९५४ मध्ये कागदाच्या नळीचं, वर जाऊन पॅराशूटनं खाली येणारं छोटं रॉकेट बनवलं. नाव ठेवलं ‘रॉक-अ-शूट’. मोटर जळून गेली की काढून टाकायची, नवी घालायची आणि तेच रॉकेट पुन्हा उडवायचं, ही त्यातली कल्पना.

तिकडे न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र तळावर जी. हॅरी स्टाइन काम करत होते. ते विज्ञानकथाही लिहीत, ‘ली कॉरी’ या टोपणनावानं. रॉकेटं सुरक्षितपणे कशी हाताळतात यावर त्यांनी १९५७ च्या सुरुवातीला एका मासिकात लिहिलं. रॉकेटच्या वेडापायी घरच्या घरी दारू कुटून धातूच्या नळीत ठासणाऱ्या मुलांचा प्रश्न तेव्हा गंभीर होता. बोटं तुटत होती, डोळे जात होते. कार्लाइल यांनी तो लेख वाचला आणि आपली रॉकेटं स्टाइनकडे धाडली. स्टाइननी ती उडवून पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण ज्या प्रश्नावर लिहितोय त्याचं उत्तर एका बूटवाल्यानं आधीच शोधून ठेवलं आहे. स्फोटक भाग कारखान्यात बनवायचा, मुलांनी बाकीचं सगळं बनवायचं. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला सोव्हिएत रशियाचा स्पुतनिक उपग्रह आकाशात गेला आणि अमेरिकेतल्या पोरांना रॉकेटशिवाय काही सुचेना. स्टाइननी मॉडेल रॉकेटची कंपनी काढली, १९५७ मध्येच राष्ट्रीय संघटना स्थापली आणि सुरक्षेचे नियम लिहून काढले. सेफ्टी ऑफिसर आज जी तपासणी करतो तिचं मूळ तिथं आहे. क्षेपणास्त्र तळावरची शिस्त त्यांनी पोरांच्या मैदानावर आणून बसवली.

मोटरी पुरवायच्या कुणी, हा पुढचा प्रश्न. डेन्व्हरमध्ये एस्टेस कुटुंबाचा फटाक्यांचा धंदा होता. त्यांच्यातल्या व्हर्न एस्टेस यांनी हवेच्या दाबावर चालणारं यंत्र बांधलं. ‘मेबल’ हे त्या यंत्राचं नाव. दर साडेपाच सेकंदांना एक मोटर बाहेर पडायची. इतक्या मोटरी झाल्या की ठरलेल्या गिऱ्हाइकाला, म्हणजे स्टाइनच्या कंपनीला, त्या संपवता येईनात. मग एस्टेस स्वतःच टपालानं रॉकेटचे संच विकू लागले आणि १९६१ मध्ये कोलोरॅडोतल्या पेनरोजला जाऊन बसले. अमेरिकेत लहानपणी रॉकेट उडवलेला माणूस भेटला तर ते एस्टेसचंच असण्याची शक्यता दाट.

ही मोटर हातात घेतली तर जाड कागदाची नळी, करंगळीएवढी लांब. आत थरावर थर. तळाशी चिकणमातीचं नोझल, त्यावर दाबून घट्ट बसवलेली बंदुकीची दारू, त्यावर सावकाश जळणारा थर, त्यावर थोडी सुटी दारू आणि वर मातीची टोपी. बाहेर छापलेलं असतं ‘सी ६-५’. अक्षर सांगतं एकूण जोर किती. ए पासून पुढे प्रत्येक अक्षराला कमाल मर्यादा दुप्पट होते, म्हणजे ए ची अडीच न्यूटन-सेकंद, बी ची पाच, सी ची दहा. सहा म्हणजे सरासरी सहा न्यूटनचा रेटा. पाच म्हणजे जळण संपल्यावर पॅराशूट उघडेपर्यंत थांबायचे सेकंद.

तो शेवटचा आकडा मला सर्वांत हुशारीचा वाटतो. सी मोटर दोन सेकंदांच्या आत जळून संपते. त्या क्षणी रॉकेट सर्वांत वेगात असतं. तेव्हाच पॅराशूट उघडलं तर दोरी पुठ्ठ्याची नळी उभी चिरत जाते. म्हणून मधला थर नुसता धूर काढत जळतो, त्याची रेघ खालून दिसते, रॉकेट स्वतःच्या वेगावर चढत राहतं आणि माथ्यावर पोचून जवळजवळ थांबलं की वरची सुटी दारू पेटून टोक आणि पॅराशूट बाहेर फेकते. जड रॉकेट लवकर थांबतं, त्याला तीन सेकंदांची मोटर. हलक्याला सात. चुकीची निवडली तर रॉकेट एक तर चढतानाच फाटतं किंवा माथा ओलांडून खाली सूर मारत असताना पॅराशूट उघडतं.

दिवाळीतलं आपलं रॉकेट बाटलीत उभं करतात, त्याला सरळ ठेवायला लांब काडी असते. मॉडेल रॉकेटमध्ये ते काम पंख करतात. पण हवा पुरेशा वेगानं वाहिल्याशिवाय पंखांना जोर येत नाही. म्हणून सुरुवातीचे तीनेक फूट रॉकेट एका पातळ लोखंडी सळईच्या आधारानं सरकतं. रॉकेटला चिकटवलेल्या एका छोट्या नळीत ती सळई ओवलेली असते. रॉकेटचा गुरुत्वमध्य पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य मागे असला तरच ते सरळ जातं. हा दाबाचा मध्य काढायचा कसा, हे बराच काळ अंदाजानं चाले. रॉकेटला गुरुत्वमध्यापाशी दोरी बांधून डोक्याभोवती गरगर फिरवायचं आणि टोक पुढे राहतं का बघायचं. मग जेम्स बॅरोमन या नासाच्या अभियंत्यानं १९६६ च्या राष्ट्रीय मेळाव्यात शाळकरी मुलाला कागद-पेन्सिलीनं करता येईल अशी रीत मांडली. आजही ती बॅरोमन समीकरणं म्हणूनच चालतात, ‘ओपनरॉकेट’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटातही तीच आहेत. नासाच्या माणसाचं नाव त्याच्या छंदातल्या कामामुळे जगभर पोरांच्या तोंडी आहे, हे मला फार छान वाटतं.

आता मैदानावर. रॉकेट सळईवर चढवलं, मोटरच्या तोंडात पेटवणीची तार बसवली, तारेला चिमटे लावले की सगळ्यांनी मागे यायचं. लहान मोटरीसाठी निदान पंधरा फूट, मोठीसाठी तीस. वात पेटवून पळणं या छंदात निषिद्धच आहे. पेटवायचं ते विजेनंच, तेही किल्ली घातल्याशिवाय चालणार नाही अशा बटणानं. लाँच अधिकारी माइकवरून रॉकेटचं आणि ते बनवणाऱ्याचं नाव पुकारतो. आकाश मोकळं आहे का बघतो, विमान दिसलं तर थांबतो. मग पाच, चार, तीन, दोन, एक. सुस्सकन आवाज होतो आणि नजर वर जाईपर्यंत रॉकेट तिथून निघून गेलेलं असतं.

कधी काहीच होत नाही. तेव्हा किल्ली काढून पूर्ण एक मिनिट थांबायचं, तोवर कुणी जवळ जायचं नाही. पोरांना हे मिनिट जड जातं.

कधी भलतंच होतं. मोटर पॅडवरच फुटते. याला ते ‘काटो’ म्हणतात. याचं एक साधं कारण म्हणजे मोटरीचा डबा उन्हात गाडीत राहणं. तापून-थंडावून दारूची कांडी नळीपासून सुटते, जळायला एकदम जास्त पृष्ठभाग मिळतो आणि दाब नळी फोडून बाहेर पडतो. पॅराशूट उघडलं नाही तर रॉकेट नाकावर जमिनीत घुसतं. मग माइकवरून ‘हेड्स अप’ अशी आरोळी येते आणि सगळे जण खालचं सगळं सोडून वर बघू लागतात. हे कडक पाळलं जातं. अंगावर येणारं रॉकेट झेलायला हात पुढे करायचा नाही, हाही नियम आहे. नळी कागदाची, टोक प्लॅस्टिकचं, धातूला बंदी, ती याचसाठी.

परतीचा प्रवास वाऱ्याच्या हाती. रॉकेट चढताना वारा जिथून येतो तिकडे तोंड वळवतं आणि पॅराशूटनं उतरताना वाऱ्याबरोबर वाहत जातं. जाणकार लोक पॅराशूटच्या मधोमध भोक पाडतात म्हणजे ते जरा लवकर उतरतं, किंवा पॅराशूटऐवजी नुसती फीत लावतात. वारा ताशी वीस मैलांच्या वर गेला की उड्डाणं बंद. इतकं करूनही झाडं आपला वाटा घेतातच. विजेच्या तारांवर अडकलेलं रॉकेट मात्र तिथंच सोडायचं. मैदान लहान असेल तर मोटरही लहान, हे प्रमाण नियमातच बांधलेलं आहे. सी मोटरला चारशे फूट लांब-रुंद जागा लागते.

ज्या शास्त्रज्ञाचं नाव या केंद्राला दिलं आहे त्या रॉबर्ट गोडार्ड यांचं द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावी उडालं. अडीच सेकंदांच्या त्या उड्डाणात ते ४१ फूट वर गेलं. आज दहा वर्षांची मुलगी पहिल्या रविवारी त्याच्या कित्येक पट उंची गाठते. तुलना अन्यायाची आहे, तरी करायचा मोह होतो.

याच्या पुढची पायरी वाळवंटातली. एच अक्षरापासून पुढच्या मोटरींना परवाना लागतो, त्याच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत मोठी रॉकेटं नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात उडतात. २५ एप्रिल २००९ रोजी स्टीव्ह ईव्हज या हौशी माणसानं मेरीलंडमध्येच सॅटर्न-५ ची ३६ फूट उंचीची प्रतिकृती उडवली आणि पॅराशूटवर सुखरूप उतरवली. त्याच वर्षी छंदाची एक जुनी कोर्टकचेरीही संपली. मोठ्या मोटरींतल्या इंधनाला स्फोटक ठरवणाऱ्या सरकारी खात्याविरुद्ध दोन रॉकेट संघटनांनी २००० साली दावा लावला होता. मार्च २००९ मध्ये न्यायालयानं संघटनांच्या बाजूनं निकाल दिला. इतकी वर्षं स्वतःवर नियम लादून घेणाऱ्यांनी सरकारी नियमाविरुद्ध लढून जिंकावं, यात विसंगती वाटेल. पण त्यांची पत त्याच शिस्तीतून आलेली होती.

शाळांसाठी २००३ पासून राष्ट्रीय स्पर्धा होते. रॉकेटमध्ये कच्चं अंडं घालायचं, ठरलेली उंची आणि ठरलेली वेळ साधायची. अंड्याला तडा गेला की उड्डाण बाद. अंतिम फेरीला शंभरेक संघ व्हर्जिनियातल्या ‘द प्लेन्स’ गावाजवळ जमतात.

आणि आपल्याकडे? स्फोटकांचं नियमन करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, पेसोचं, मुख्यालय नागपुरात आहे. दारू बनवणं, बाळगणं, आयात करणं, सगळ्याला परवाने लागतात. त्यामुळे अमेरिकेत खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या मोटरी इथल्या पोराला तशा मिळत नाहीत. इन-स्पेस या अवकाश क्षेत्रातल्या केंद्रीय संस्थेनं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेटची स्पर्धा सुरू केली ही चांगली गोष्ट झाली, पण सातवी-आठवीतल्या मुलांना त्याचा उपयोग नाही.

त्यांच्यासाठी इतकंच सांगतो. फटाके फोडून त्यांतली दारू काढू नका. ज्या अपघातांमुळे या छंदाचे नियम जन्माला आले ते घरी दारू हाताळतानाच झाले होते. शीतपेयाची प्लॅस्टिकची बाटली घ्या, एक तृतीयांश पाणी भरा, पुठ्ठ्याचे तीन पंख चिकटवा, बुचात सायकलचा व्हॉल्व्ह बसवा आणि पंपानं हवा भरा. तत्त्व तेच, फक्त जाळाच्या जागी पाणी. पंखांची मापं आधी ओपनरॉकेटमध्ये घालून बघा. आणि उडवायच्या आधी मोठं कुणीतरी सोबत घ्या, बाकीच्यांना मागे उभं करा आणि मोठ्यानं पाच आकडे मोजा.