१२०वे मूलद्रव्य घडेलही, पण टिकेल किती?

अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेने टायटॅनियमचा झोत बावीस दिवस प्लुटोनियमवर आदळवला आणि हाती लागले लिव्हरमोरियमचे अवघे दोन अणू. जुलै २०२४च्या या बातमीत गाजला तो पुढचा बेत : हाच झोत कॅलिफोर्नियमवर सोडून १२०वे मूलद्रव्य घडवायचे. ९८ प्रोटॉन अधिक २२, हिशेब सरळ आहे. आवर्तसारणीत नवे घर भरेल, पण त्यातला रहिवासी टिकणार किती?

अणुकेंद्रात प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात. त्यांना बांधून ठेवणारे बल जबरदस्त, पण त्याची पोच शेजाऱ्यापुरतीच. केंद्र मोठे होत गेले की ढकलाढकली वरचढ ठरते. म्हणून शिशाच्या पुढे काहीच कायमचे टिकत नाही. बिस्मथ स्थिर मानले जाई. तेही अतिशय सावकाश क्षय पावते, हे फ्रेंच शास्त्रज्ञांनी २००३मध्ये दाखवले. त्याचे अर्धायुष्य विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहून जास्त आहे.

पण सगळा दोष आकाराचा नाही. कल्हईच्या कथलाला दहा स्थिर समस्थानिक आणि शेजारच्या अँटिमनीला दोनच. टेक्नेशियम तर दोघांहून हलके, तरी त्याचे एकही रूप स्थिर नाही.

हे कोडे सोडवले भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट-मायर यांनी. त्या शिकागो विद्यापीठात काम करत, पण विद्यापीठ त्यांना पगार देत नव्हते. प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन २, ८, २०, २८, ५०, ८२ वा १२६ भरले की केंद्र विलक्षण घट्ट होते, हे आकडे त्यांच्या नजरेत भरले होते; कारण उमगत नव्हते. सहकारी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींनी सहज विचारले, स्पिन-ऑर्बिट युग्मनाचा काही पुरावा दिसतो का? मायरबाईंना धागा मिळाला. मुलीला त्यांनी तो वॉल्ट्झच्या नाचावरून समजावला : जोडपी दालनाभोवती फिरतात आणि स्वतःभोवती गिरक्याही घेतात, दोन्ही फेरे एकाच दिशेने असले की नाच सोपा जातो. कणांच्या ऊर्जेतही असाच फरक पडतो, त्यातून कवचे बनतात आणि कवच पूर्ण भरले की केंद्र स्थिरावते. कथलात ५० प्रोटॉन आहेत. शिसे-२०८मध्ये ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, म्हणजे दोन्ही कवचे भरलेली. जर्मनीत हान्स येन्सेनही स्वतंत्रपणे याच उत्तरापाशी पोचले. १९६३चे नोबेल मायरबाईंना मिळाले, तेव्हा सॅन दिएगोच्या एका वृत्तपत्राने मथळ्यात त्यांची ओळख दिली ती ‘आई’ म्हणून. इलेक्ट्रॉनांची कवचे शाळेत घोटून घेतली जातात. अणुकेंद्राच्या कवचांना आणि मायरबाईंना तोच मान मिळायला हवा.

न्यूट्रॉनांचा पुढचा असा आकडा १८४ असावा, असे बहुतेक सिद्धांत सांगतात. त्याच्या आसपास जड अणूही तुलनेने दीर्घायुषी ठरतील, या अपेक्षेला ‘स्थैर्याचे बेट’ म्हणतात. बर्कलीच्या लिव्हरमोरियम-२९०मध्ये न्यूट्रॉन १७४, म्हणजे दहा कमी. कॅलिफोर्नियम-२४९वर टायटॅनियम-५० आदळून घडणाऱ्या १२०व्यातही ते १७५-१७६च्या पुढे जाणार नाहीत. त्या बेटावर पोचायचे, तर नव्या नावाच्या शर्यतीइतकाच पैसा आणि वेळ न्यूट्रॉनांनी समृद्ध झोत तयार करण्यावर खर्च व्हायला हवा.