घामातलं मीठ, रक्तातलं पोटॅशियम आणि बीपीची गोळी : अल्डोस्टेरॉन नेमकं करतं काय?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कापूरहोळ मागं पडतं आणि किकवी येतं. एप्रिल-मेच्या उन्हात इथं ट्रकमधून माल उतरवणाऱ्या किंवा शेतात राबणाऱ्या माणसाच्या शर्टाची पाठ बघा. घाम वाळला की पांढऱ्या रेषा उठलेल्या दिसतात. ते मीठ.

आता यातली गंमत. उन्हातल्या कामाच्या पहिल्या दिवशी घामातून जेवढं मीठ जातं, तेवढं दहा-बारा दिवसांनी जात नाही. घाम कमी होत नाही, उलट वाढतो. पण तो कमी खारट होतो. शरीराला कुणीतरी सांगितलेलं असतं : पाणी जाऊ दे, मीठ धरून ठेव.

हे सांगणारं हार्मोन म्हणजे अल्डोस्टेरॉन.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला याच्याबद्दल एक ओळ सगळेच पाठ करतात, 'सोडियम धरतं, पोटॅशियम सोडतं'. ओळ बरोबर आहे. पण परीक्षेत सगळा भर पहिल्या अर्ध्यावर जातो आणि वॉर्डात जिवाशी खेळ होतो तो दुसऱ्या अर्ध्यामुळे. म्हणून हे प्रकरण एकदा नीट समजून घेऊ. घरात कुणाला बीपीची गोळी चालू असेल, तर नर्सिंग शिकत नसाल तरी हे तुमच्या कामाचं आहे.

दीड किलो मिठाचा हिशोब

दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी बसलेली असते, ॲड्रिनल. तिच्या सगळ्यात बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन तयार होतं. तयार होतं अगदी थोडं, पण त्याची सत्ता मोठी.

किडन्या दिवसभरात सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्या द्रवात विरघळलेलं सोडियम मिठाच्या रूपात मोजलं तर जवळपास दीड किलो भरतं. रोज! ते सगळं लघवीतून गेलं असतं तर माणूस एक दिवसही टिकला नसता. म्हणून किडनीच्या नळ्या त्यातलं बहुतेक सगळं परत ओढून घेतात. हे काम अल्डोस्टेरॉनला न विचारताच चालू असतं. त्याच्या हातात असतो तो शेवटचा दोन-तीन टक्के भाग.

दोन टक्के म्हणजे किरकोळ वाटेल. पण दीड किलोचे दोन टक्के म्हणजे 30 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणजे ताटातल्या मिठाच्या सहापट मीठ ठेवायचं की टाकायचं, हा निर्णय या एका हार्मोनकडे आहे. बीपी वर-खाली करायला एवढं पुरेसं आहे.

हा निर्णय अंमलात येतो नळीच्या शेवटच्या टप्प्यात. अल्डोस्टेरॉन तिथल्या पेशीच्या आत शिरतं, आपल्या रिसेप्टरला चिकटतं आणि थेट केंद्रकात जाऊन जनुकांना कामाला लावतं. त्यातून नवी प्रथिनं बनतात. लघवीच्या बाजूला सोडियम आत घेणारी दारं वाढतात आणि रक्ताच्या बाजूला पंप वाढतात. हा पंप दर फेरीला 3 सोडियम पेशीतून रक्ताकडे ढकलतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. आत साठलेलं पोटॅशियम मग दुसऱ्या दारानं लघवीत उतरतं. सोडियम धरणं आणि पोटॅशियम सोडणं ही दोन वेगळी कामं नाहीतच. एकाच रहाटाचे ते दोन पोहरे आहेत.

प्रथिनं बनायला वेळ लागतो, त्यामुळे अल्डोस्टेरॉनचा परिणाम दिसायला तास-दीड तास तरी जातो. ॲड्रेनलिनसारखं हे क्षणात धावणारं हार्मोन नाही. त्याला अडवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनचा असरही म्हणूनच दोन-तीन दिवसांनी जाणवतो. 'गोळी दिली, लघवी वाढली नाही' अशी तक्रार पहिल्याच दिवशी लिहून ठेवण्यात अर्थ नसतो.

हुकूम देतं कोण?

दोघं देतात.

पहिली किडनी स्वतः. तिच्याकडे येणारं रक्त कमी पडलं, दाब उतरला किंवा मीठ घटलं की ती रेनिन सोडते. रेनिन यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचं अँजिओटेन्सिन-1 करतं. मुख्यतः फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांत एसीई नावाचं एन्झाइम त्याचं अँजिओटेन्सिन-2 करतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि ॲड्रिनलला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. बीपीच्या निम्म्याअधिक गोळ्या याच साखळीची कुठली ना कुठली कडी पकडतात, त्यामुळे ही साखळी घोकण्यापेक्षा चित्र काढून लक्षात ठेवलेली बरी.

दुसरा हुकूम पोटॅशियमचा. रक्तात पोटॅशियम वाढलं की ॲड्रिनलला थेट कळतं, रेनिनची वाट बघावी लागत नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण रक्तातलं पोटॅशियम 3.5 ते 5 मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर या अरुंद पट्ट्यातच राहावं लागतं. खूप खाली गेलं की स्नायू गळतात. खाली असो वा वर, हृदयाचा ताल बिघडतो. वर गेलं तर ते थांबूही शकतं.

एक नेहमीचा घोळ इथंच मिटवू. एडीएच नावाचं दुसरं हार्मोन फक्त पाणी धरतं, त्यामुळे ते जास्त झालं की रक्तातलं सोडियम पातळ होऊन उतरतं. अल्डोस्टेरॉन मीठ धरतं आणि मिठामागं पाणी येतं. दोन्ही सोबत वाढल्यामुळे रक्ताच्या रिपोर्टमध्ये सोडियम बहुधा नॉर्मलच दिसतं. 'सोडियम नॉर्मल आहे, म्हणजे अल्डोस्टेरॉनची भानगड नाही' हा निष्कर्ष म्हणूनच फसवा.

घामापासून सुरू झालेला शोध

शर्टावरच्या त्या पांढऱ्या रेषांचा या हार्मोनच्या इतिहासाशी खरंच संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उष्ण प्रदेशात लढणाऱ्या सैनिकांचं शरीर उन्हाला कसं सरावतं, हे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात जेरोम कॉन तपासत होते. तापवलेल्या खोल्यांत माणसं ठेवून त्यांनी घाम मोजला. काही दिवसांनी घामातलं मीठ घटतं हे त्यांना दिसलं आणि यामागं ॲड्रिनलचं एखादं हार्मोन असावं असा अंदाज त्यांनी बांधला. ते हार्मोन तेव्हा कुणाच्या हाती लागलेलं नव्हतं. लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी स्वित्झर्लंडमधल्या सहकाऱ्यांसोबत ते 1953 मध्ये वेगळं काढलं. सुरुवातीला त्याचं नाव होतं इलेक्ट्रोकॉर्टिन.

पुढच्याच वर्षी कॉन यांच्यासमोर 34 वर्षांची एक रुग्ण आली. सात वर्षं अंगात गोळे येत होते, मधूनच पाय लुळे पडायचे, बीपी वाढलेलं, पोटॅशियम तळाला. कॉन यांनी तिचा घाम तपासला. त्यात सोडियम अगदीच कमी! उन्हात न राबताही तिचं शरीर उन्हात राबल्यासारखं मीठ धरून बसलं होतं. त्याच वर्षाअखेरीस शस्त्रक्रिया झाली, ॲड्रिनलमधली गाठ निघाली आणि ती बरी झाली. या आजाराला आज कॉन सिंड्रोम किंवा प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम म्हणतात.

बरीच वर्षं तो दुर्मीळ समजला गेला. आता तसं मानत नाहीत. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही, अशांमध्ये तो चांगलाच आढळतो. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं 2025 च्या मार्गदर्शक सूचनांत तर उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची यासाठी तपासणी करावी असं सुचवलं आहे. सल्ला रास्त आहे, पण आपल्याकडे ही तपासणी प्रत्येकाच्या आवाक्यात यायला वेळ लागेल. तोवर बीपी जास्त आणि पोटॅशियम कमी, ही जोडी एकत्र दिसली की डॉक्टरांच्या नजरेला आणून देणं हाच स्वस्त उपाय.

नदीपलीकडचा उपक्रम, अलीकडचा प्रश्न

किकवीच्या पुढं नीरा ओलांडली की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा केंद्रीय उपक्रम 2017 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सातारा होता. सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे बाकीचे तीन. ठरावीक गोळ्या, ठरलेला क्रम, गावाजवळ औषध आणि नर्सकडून पाठपुरावा, अशी त्याची बांधणी. अशा पाठपुराव्यात बीपी मोजलं जातंच. पोटॅशियमचा विचार मात्र सुटू शकतो.

नेहमीच्या तीन गोळ्या घ्या. ॲम्लोडिपिन पोटॅशियमच्या वाटेला जात नाही. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिन-2 ला अडवतं, म्हणून अल्डोस्टेरॉन घटतं आणि पोटॅशियम वाढू शकतं. क्लोरथॅलिडोन मीठ बाहेर काढतं, पण त्यासोबत पोटॅशियमही जातं. म्हणजे एकाच पिशवीतल्या दोन गोळ्या पोटॅशियमला उलट दिशांना ओढत असतात. चौथी गोळी म्हणून स्पायरोनोलॅक्टोन आलं की ते पुन्हा वर जातं.

हे कागदावरचं भय नाही. 1999 मध्ये रॅल्स नावाच्या अभ्यासात दिसलं की हृदय खूप कमजोर झालेल्या रुग्णांना स्पायरोनोलॅक्टोन दिल्यावर मृत्यू 30 टक्क्यांनी घटले. कारणही पटण्यासारखं. हृदय कमी रक्त ढकलतं, किडनीला वाटतं शरीर कोरडं पडलंय, ती रेनिन सोडत राहते आणि आधीच सुजलेल्या माणसात आणखी मीठ-पाणी साठतं. हा गैरसमज तोडणारी गोळी म्हणजे वरदानच. पण निकाल येताच कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ती भराभर लिहिली गेली. एसीई अडवणारी गोळी घेणाऱ्या हृदयरुग्णांत वाढलेल्या पोटॅशियममुळे दवाखान्यात दाखल होण्याचं प्रमाण 1994 मध्ये हजारी 2.4 होतं, ते 2001 मध्ये हजारी 11 झालं. मृत्यूही वाढले. गोळी तीच होती. अभ्यासात रक्त वेळेवर तपासलं जात होतं, बाहेर तसं झालं नाही.

मग नर्सनं विचारायचं काय? "काका, गोळ्या कोणत्या चालू आहेत? सगळी पाकिटं दाखवा. नारळपाणी रोज घेता का? मीठ कुठलं वापरता?" शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल. पण 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. बहुतेकांसाठी ते चांगलंच. जागतिक आरोग्य संघटनेनं 2025 मध्ये घरगुती वापरासाठी त्याची शिफारस केली, पण किडनीचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि मुलं यांना त्यातून वगळून. स्पायरोनोलॅक्टोन आणि टेल्मिसार्टन सोबत घेणाऱ्यानं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

आणखी एक प्रश्न खास आपल्याकडचा : "घसा बसला म्हणून ज्येष्ठमध चघळता का?" किडनीच्या पेशीत कॉर्टिसॉल हेही हार्मोन अल्डोस्टेरॉनच्या जागेवर बसू शकतं. रक्तात ते कितीतरी जास्त असतं, म्हणून पेशी एक एन्झाइम दाराशी ठेवून त्याला निकामी करते. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिक आम्ल या राखणदारालाच झोपवतं. मग कॉर्टिसॉल आत घुसतं, बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, आणि रिपोर्टमध्ये अल्डोस्टेरॉन कमीच! 1940 च्या दशकात नेदरलँड्समध्ये अल्सरवर ज्येष्ठमध देताना रुग्णांना सूज येते हे लक्षात आलं होतं. दोन दिवस काडी चघळल्यानं काही बिघडत नाही. बीपी असलेल्या माणसानं महिनोन्महिने रोज घेणं वेगळं.

चित्र उलटं झालं तर

अल्डोस्टेरॉन बनतच नसेल, तर मीठ आणि पाणी निघून जातं, पोटॅशियम साठतं. थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये वर्णन केलेला आजार हाच. तेव्हा त्याचं मोठं कारण होतं ॲड्रिनलमध्ये पोहोचलेला क्षय, आणि भारतात ते कारण अजून संपलेलं नाही. टीबी होऊन गेलेला माणूस खंगत चाललाय, उभं राहिलं की चक्कर येते, खारट खावंसं वाटतं, हिरड्या आणि हाताच्या रेषा काळवंडल्यात, तर साधी अशक्तपणाची बाटली चढवून घरी पाठवू नका. काळवंडणं मात्र अल्डोस्टेरॉनमुळे नाही, कॉर्टिसॉल घटल्यानं मेंदूतून वाढणाऱ्या एसीटीएचमुळे.

आणि तो रिपोर्ट खरा आहे का?

पोटॅशियमचा आकडा फसवतोही. रक्तपेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस पटींनी जास्त असतं, त्यामुळे पेशी फुटल्या की आकडा खोटाच चढतो. दंडाला पट्टा खूप वेळ आवळून ठेवला, मूठ वारंवार उघड-मीट करायला लावली, बारीक सुईनं जोरात ओढलं, की हे होतं. गावात काढलेलं रक्त तपासणीसाठी भोरला किंवा पुण्याला जायचं असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. चांगलं राहावं म्हणून नळी बर्फात ठेवावीशी वाटते. पण थंडीत पेशींचा तोच सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. पोटॅशियमसाठीची नळी म्हणून आधी सीरम वेगळं करून पाठवतात. ते जमत नसेल तर ती बर्फात न घालता शक्य तितक्या लवकर पोहोचवतात आणि रक्त किती वाजता काढलं ते चिठ्ठीवर लिहितात.