पैठणचा पल्ला

गोदाकाठच्या पैठणमध्ये फिरताना दिसतं ते तालुक्याचं गाव: अरुंद गल्ल्या, जुने वाडे, घाट, संत एकनाथांच्या समाधीकडे निघालेले वारकरी. पण दोन हजार वर्षांपूर्वी हेच प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी, परदेशी खलाशांनाही ठाऊक होतं. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक मार्गदर्शिकेत त्याचा पत्ताच दिला आहे: भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. आणि इथून गाड्या भरभरून भडोच बंदरात काय जायचं? दगड!

हे रंगीत, पट्ट्यापट्ट्यांचे दगड दख्खनच्या लाव्ह्याची देणगी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड होणाऱ्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्यातली सिलिका थरावर थर साचत गेली आणि अकीक घडला. काळा कातळ झिजून गेला. टणक अकीक मात्र टिकला आणि नद्यांच्या गोट्यांमध्ये येऊन पडला.

दगडांसारखाच इथल्या माणसांचा पल्लाही लांबचा. संत एकनाथ इथलेच. त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पैठणात लिहायला घेतली आणि १५७३मध्ये काशीत पूर्ण केली. आजही फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीच्या यात्रेला, गाव दिंड्यांनी भरून जातं. गावात माग सुरू असेल तर इथली पैठणी साडी विणली जाताना जरूर पाहावी. नक्षीतल्या प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीवरून येतो आणि शेजारच्या धाग्यात गुंतवला जातो. म्हणून मोर उलट्या बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो.

गावाच्या वरच्या अंगाला पसरलाय नाथसागर, जायकवाडी धरणाचा जलाशय. १९७६मध्ये या धरणाचं लोकार्पण झालं. दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे आणि पूर्ण भरल्यावर सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरचं पाणी! खोरं सपाट असल्यामुळे सरासरी खोली मात्र जेमतेम आठ-नऊ मीटर. पाणी थोडं ओसरलं तरी मैलोनमैल गाळ उघडा पडतो. त्यावर शेतकरी पेरणी करतात आणि काठच्या उथळ पाण्यात पक्षी चरतात. १९८६पासून हे पक्षी अभयारण्य आहे.

हिवाळ्यात इथे रोहित पक्षी दिसतात, बदकं उतरतात, पण खरी कमाल पट्टकादंबांची. तिबेट-मंगोलियाकडे वीण करणारे हे हंस हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरच्या आसपास उडाल्याच्या नोंदी आहेत. त्यांचं हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही प्राणवायू घट्ट पकडतं, म्हणून हे शक्य होतं.

पैठणचा माल, माणसं आणि कीर्ती दूरदूर गेली ती दोन हजार वर्षांपासून. हे पाहुणे मात्र धरणानंतरचे. एवढ्या उथळ पाण्याचा पसारा इथे आधी नव्हताच. माणसाने शेतीसाठी पाणी अडवलं आणि हिमालयापलीकडच्या पाखरांच्या वाटेवर पैठण नव्याने आलं. त्यांना गाठायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीत, भल्या पहाटे, दुर्बीण घेऊन जावं.